पंधरावी काठी

माझ्या भावाचं नाव लायल ड्रायलिंग. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. रविवारी दुपारी टीव्हीवर गोल्फ दाखवतात, त्यात तो कधी दिसला नाही. तरी उभी जवानी तो पोटासाठी गोल्फच खेळला. दुसरं काही त्याने केलं नाही आणि त्याला ते जमलंही नसतं. गावात अजून त्याचा विषय निघाला की लोक मान हलवतात. म्हणे पोरगं गुणी होतं, पण ऐनवेळी कच खाल्ली. असं बोलणाऱ्याच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घालावं असं मला वाटतं. एकदा घातलंही आहे, कारण गावातलं कॉफीचं दुकान माझंच आहे.

आमचा भाग पश्चिम कॅन्ससचा. गहू, वारा आणि पुन्हा गहू. पाण्याची कायम बोंब, त्यामुळे गावच्या मैदानावर भोकाभोवती ती मऊसूत हिरवळ कधी जगलीच नाही. तिच्या जागी गोल अंगणाएवढी वाळू, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्या वाळूत ट्रॅक्टरचं जळकं तेल मुरवलेलं. चेंडू तिथे येऊन पडला की लोखंडी पाइप ओढून भोकापर्यंत सपाट पट्टी करायची आणि तिच्यावरून तो सरळ ढकलायचा. ही काळी वाळू राखायचे आमचे डॅड, ऑगी ड्रायलिंग. नोकरी सोसायटीच्या धान्याच्या कोठारात, पण जीव सगळा त्या मैदानात. त्याचा पगार नाही, पाणी नाही. संध्याकाळी घरी आले की अंगाला गव्हाची धूळ आणि तेलाचा वास. आई म्हणायची, दारात नवरा उभा आहे की ट्रॅक्टर तेच कळत नाही.

लायल माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. डॅडनी त्याला चालायला शिकवलं ते बहुतेक त्या मैदानावरच. जुनी काठी करवतीने कापून त्याच्या हातात दिली आणि गडी जो सुटला तो सुटलाच. वाऱ्यात खेळून खेळून त्याचा चेंडू असा जमिनीलगत जायचा की वाऱ्याला पत्ता लागू नये. शाळेत असताना सगळ्या राज्यात पहिला आला, कॉलेजने फुकट शिकवला, आणि कॉलेज संपल्यावर त्याने धंदाच तो धरला. डॅडनी त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांशी हात मिळवून सांगितलं, की पोराला एकदा मोठ्या टूरचं कार्ड मिळू दे, मग मी डोळे मिटायला मोकळा.

हे कार्ड म्हणजेच सगळं. दर वर्षी त्याची परीक्षा असते. महिनोन्‌महिने चाळण लागत जाते आणि शेवटी फ्लोरिडात सहा दिवस खेळायचं. वरच्या थोड्यांना कार्ड मिळतं, म्हणजे वर्षभर मोठ्यांच्या पंगतीत पान मांडलं जातं. बाकीच्यांनी गाडी काढायची आणि छोट्या-मोठ्या स्पर्धा शोधत हिंडायचं. आज डकोटा, उद्या टेक्सस. लायल दहा-अकरा वर्षं असाच हिंडला. गाडीतच झोपायचा. आई कोबी आणि खिमा भरलेले पाव करून बर्फात गोठवून द्यायची, ते तो इंजिनावर गरम करून खायचा. त्याची बायको मार्लिस चार वर्षं टिकली. वाईट नव्हती ती. मला एवढंच म्हणाली, की लायल घरी असतो तेव्हासुद्धा घरी नसतो. मग ती तिच्या आईकडे गेली आणि परत आली नाही.

त्याचं अडायचं ते एकाच ठिकाणी. लांबून मारायला वाघ, पण भोकाजवळ आला की कुठेतरी माशी शिंकायची. आमच्या वाळूत पट्टी ओढली की चेंडू सरळ जातो. खऱ्या हिरवळीला उतार असतात, वळणं असतात, ती लहानपणापासून पायाखाली असावी लागतात. डॅडचं औषध ठरलेलं. त्यांचा एक पितळी तोंडाचा पटर होता, चेंडू ढकलायची काठी, मुठीला काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. "हा वापर," म्हणायचे. "याने मी आयुष्यात चुकलो नाही." लायल हसायचा आणि विषय बदलायचा. म्हाताऱ्याचं मन दुखवणं त्याला कधी जमलं नाही, तो त्याचा खरा रोग होता.

तेहतिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा फ्लोरिडातल्या त्या शेवटच्या सहा दिवसांपर्यंत पोचला. आई नुकतीच गेली होती. मी दुकानाला कुलूप लावलं, डॅडना गाडीत घातलं आणि आम्ही गेलो. पाच दिवस झाले तेव्हा लायल आत होता. काठावर नाही, चांगला आत. शेवटच्या दिवशी नीट खेळला की कार्ड. सकाळी न्याहारीला डॅडना घास जात नव्हता, आणि लायल आपली अंडी शांतपणे खात होता. मला वाटलं, झालं, आईने वरून हात लावला.

आता नियम असा, की खेळाडूच्या बॅगेत चौदाच काठ्या हव्यात. एक जरी जास्त निघाली तरी दंड. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या गावात मात्र काठ्या कोण मोजतो? कुणी पाच घेऊन येतं, तर दंतवैद्य ग्रेबरच्या बॅगेत बावीस असायच्या, आणि हरायचा तोच. डॅडनी जन्मभर वाळू ओढली, पाइप ओढला, गवत कापलं. नियमांचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. लायलने त्या सकाळी सवयीप्रमाणे काठ्या मोजल्या आणि तो हात धुवायला गेला. बॅग सांभाळायला भाड्याने घेतलेला माणूस पाणी आणायला गेला. तेवढ्यात म्हाताऱ्याने आपला पितळी पटर पोराच्या बॅगेत सरकवला. कपटाने नाही हो. प्रेमाने, देवाचं नाव घेऊन. मग गुडघे दुखतात म्हणून शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलजवळ खुर्ची टाकून बसून राहिले, पोराला सापडेल तेव्हा कसा चकित होईल म्हणत.

दोन होल झाले. तिसऱ्याच्या वाटेवर बॅगवाला थबकला आणि त्याने दोन पटर वर काढले. मी प्रेक्षकांच्या दोरीच्या अलीकडे होते, दहा पावलांवर. ती काळी टेप मी ओळखली. बॅगवाला हळूच म्हणाला, छत्रीच्या आत सरकवतो, कुणाच्या बापाला कळणार आहे. लायलने मुठीवरच्या त्या टेपवरून बोट फिरवलं. मग त्याने हात वर करून पंचाला बोलावलं. पंच भला माणूस होता, त्याने विचारलं की ही आली कुठून.

"माझ्या बॅगेत आहे, म्हणजे माझीच," लायल म्हणाला.

एकेका होलचे दोन, असे चार फटके दंड, ते त्या दोन होलच्या खात्यात चढले; आणि या खेळात ज्याचे फटके कमी तो पुढे. पंच गेल्यावर तो दोरीपाशी आला. मला वाटलं रडेल, किंवा शिव्या घालेल. मी तर मनातल्या मनात घालतच होते.

"डेल, डॅडना हे कळता कामा नये," तो म्हणाला. "शपथ घे."

मी घेतली. काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यानंतर तो जे खेळला ते मी जन्मात विसरणार नाही. उतारबितार सगळे त्याला दिसायला लागले. शेवटचा होल संपला तेव्हा त्याचं कार्ड दोन फटक्यांनी हुकलं होतं.

डॅड खुर्चीतून उठून पुढे आले. त्यांना अजून गुणांच्या फळ्यावरची बेरीज कळली नव्हती, पोरासारखा चेहरा फुलला होता. "सापडला का?" त्यांनी विचारलं.

"सापडला," लायल म्हणाला. "सतराव्या होलला त्यानेच चेंडू ढकलला, डॅड. वीस फुटांवरून. गेला आत."

आता बापाला खूश करायला बोललेलं ते खोटं. पण डॅडनी फळा बघितला, पहिल्या दोन होलसमोरचे ते आकडे बघितले, आणि त्यांचं तोंड उतरलं. मग ते जे बोलले ते पुढे तेरा वर्षं बोलत राहिले.

"सुरुवातीला दोन ठिकाणी सहा-सहा घेतलेस. चारात व्हायला हवे होते. बॅगेत असूनही वापरला नाहीस ना तिथे? शहाणपणा नडला तुझा."

लायल म्हणाला, हो.

परतीच्या वाटेवर मिसिसिपी ओलांडेपर्यंत डॅड तेच बोलत होते, आणि गावात आल्यावर तर काय विचारता. माझ्याच दुकानात, माझ्याच टेबलावर बसून, कोठारातल्या जोडीदारांना सांगायचे. एका होलला ऐकलं माझं, तिथे चेंडू आत पडला. दोन होलला ऐकलं नाही, तिथे कार्ड गेलं. पोराकडे सगळं आहे, फक्त ऐकून घ्यायची अक्कल नाही. मी आत भांडी आपटायचे. दुसरं काय करणार होते? तोंडाला शपथेचं कुलूप होतं.

पुढच्या वर्षी लायल तो पितळी पटर घेऊनच खेळायला गेला, डॅडना बरं वाटावं म्हणून. दोन हातांवरून ढकलायचे चेंडू, जे लहान मूलही घालेल, तिथे त्याचे हात झटका द्यायला लागले. काठी मागे जायची आणि पुढे येताना मनगट उडायचं. डॉक्टर झाले, डावखुरं खेळून झालं, डोळे मिटून झालं. पहिल्याच चाळणीत बाहेर. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. डॅड म्हणाले, बघा, चांगल्या हत्याराची किंमत उशिरा कळली की असं होतं. चाळिशीला आल्यावर लायलने ती हिंडायची गाडी विकली आणि विचिटा शहराच्या कडेला एका सराव-मैदानावर चेंडू गोळा करायची आणि पैसेवाल्यांच्या बायकांना शिकवायची नोकरी धरली. स्वतः मात्र तो कुठलाच पटर हातात धरेना. त्यांना दाखवायचं तर छत्रीने दाखवायचा.

डॅडच्या छातीत धान्याची धूळ साचली होती. शेवटचे महिने ते तालुक्याच्या वृद्धाश्रमात होते, नाकात नळी. लायल दर रविवारी विचिटाहून तीन तास कुणाची तरी गाडी मागून हाकत यायचा, त्यांची दाढी करायचा, सूप भरवायचा. शेवटच्या रविवारी मीही होते. खिडकीबाहेर कापणी चालली होती. डॅडनी डोळे उघडले आणि लायलचं मनगट धरलं, तेच उडणारं.

"ऑगी ड्रायलिंगने तुला सगळं दिलं," ते म्हणाले. एकेका शब्दाला धाप लागत होती. "तू मला एक कार्ड दिलं नाहीस. दोन होल माझं ऐकायचं होतं. दोनच."

मी उठून उभी राहिले. शपथ गेली खड्ड्यात, मरताना तरी या म्हाताऱ्याला कळू दे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. लायलने माझ्याकडे बघितलं आणि मानेनेच नको म्हटलं. मग तो त्यांच्यावर वाकला.

"चुकलं माझं, डॅड. माफ करा."

डॅडनी हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला, जसा चर्चमध्ये फादर ठेवतात. "केलं माफ," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस." आणि झोपले. मंगळवारी गेले. नर्स म्हणाली, इतक्या शांतपणे गेलेला माणूस तिने क्वचितच पाहिला.

त्या रविवारी आम्ही बाहेर माझ्या गाडीत येऊन बसलो तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी स्टिअरिंगवर हात आपटले. म्हटलं, त्यांनी तुला माफ केलं? त्यांनी? कुणी कुणाला माफ करायचं होतं रे? अजून ते शुद्धीवर आहेत, मी आत्ता जाऊन सांगते.

लायलने माझा दंड धरला. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता इतका सैल पडला होता.

"नको, डेल," तो म्हणाला. "मला खरंच बरं वाटलं. ते कधी माफ करतील असं मला वाटलं नव्हतं."

तो माझी समजूत घालत नव्हता, तो खरंच बोलत होता. तेरा वर्षं तेच तेच ऐकून ते खोटं त्याच्याही अंगात भिनलं होतं. मग त्याने पट्टा लावला आणि म्हणाला, चल, रस्त्यात कुठेतरी खाऊन घेऊ. मी गाडी सुरू केली.