ब्रेकमधलं एरंडेल

लढाईच्या दिवसांत अमरावतीत माझ्याकडे एक जुनी मोटार होती. तिच्या ब्रेकच्या नळ्या गंजून पाझरू लागल्या. बाळंतपणाला आलेल्या धाकट्या बहिणीला दीड महिन्याच्या लेकरासह अकोल्याला सासरी पोचवायचं होतं. तिच्या सासऱ्यांना मी दिवसही कळवून बसलो होतो. नळ्या बदलणं भागच होतं.

मिस्त्रीवर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. जुना माल मिस्त्रीने ठेवायचा असा गॅरेजचा रिवाज. तो मी मानला नाही. किती नळ्या, किती नट, सगळं लिहून काढलं. जुन्या नळ्यांवर खिळ्याने खुणा केल्या आणि काम झाल्यावर त्या परत मागितल्या.

"घ्या," मिस्त्रीने मोळीच माझ्या हातात दिली. "लोनचं घाला याचं. वकीलसाहेब, अशिलाले बी असेच मोजून घेता काय?"

नळ्या मोजल्या तर पूर्ण भरल्या, खुणा जुळल्या. तरी समाधान होईना. इथे नाही तर लबाडी दुसरीकडे असणार. घरी येऊन गाडीतल्या ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं, तर वास एरंडेलाचा. या माणसाने माझ्या गाडीत पोट साफ करायचं औषध भरलं होतं.

मी त्याला जाब विचारला नाही. विचारलं असतं तर काहीतरी सांगून तो मोकळा झाला असता. मी स्वतःच ब्रेकचं पायडल दाबून दाबून ते तेल काढून टाकलं, सीलबंद डब्यातलं इंजिनाचं तेल भरलं आणि यादीत त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

आठवड्याने, निघायच्या आदल्या सकाळी, कँपापर्यंत फेरी मारली. परतताना पाय काढला तरी ब्रेक सुटेना. गाडी कशीबशी दारात आणून मिस्त्रीला बोलावलं. त्याने डबीत बोट बुडवून हुंगलं.

"हे कोनं टाकलं?"

"मी. तुम्ही एरंडेल घातलं होतं."

"लढाईत विलायती तेल कोठून आनू? एरंडेलात स्पिरिट मिसळून सारेच चालवून राहिले. त्यानं रबर टिकते. तुमच्या तेलानं फुगलं, पाहा." त्याने आतली रबरी चकती काढून माझ्यासमोर धरली. "कावून नाही इचारलं मले? तोंड झिजलं असतं काय?"

बहीण लेकराला घेऊन ओसरीवर उभी होती. तिने मला नाही, त्याला विचारलं, "उद्या गाडी निघेल का, मिस्त्री?"

"नाही, बाई. रबर नागपूरहून येईन तवा."

"मग मी रेल्वेनं जाते. दादा, मामंजींना तार तू कर. आणि मिस्त्रीवर ढकलू नको."

मी मान हलवली. मनात तारेचा मजकूर जुळवायला घेतलाच होता, आणि त्यात पहिला शब्द मिस्त्री हाच आला होता.