कॉफीच्या पुड्या

आमच्या विमान कंपनीत वास इंजिनियरला आला तरच तो वास. आम्हा पोरींना येतो तो भास. आमची नाकं कंपनीने फोटोत शोभावीत म्हणून ठेवली आहेत.

विमानातली हवा इंजिनातून फिरून आत येते. इंजिनाचं सील झिजलं की तेलाची विषारी वाफ तिच्यात मिसळते आणि ओल्या पायमोज्यांचा वास सुटतो. प्रवासी शेजाऱ्याच्या बुटांकडे संशयाने बघतो, आम्ही हसून त्याला पाणी देतो.

तुषारी अक्काकडे यावर उपाय होता. ती विमानतळाजवळच्या सीदुवा गावची, आमच्यातली सगळ्यात जुनी, केबिनची मुख्य. वास आला रे आला की ती कॉफीच्या पुड्या फाडायची आणि संडासात, ट्रॉलीमागे, पडद्याआड दडवायची. "माझ्या विमानात कुणी नाकाला रुमाल लावला तर मी ही कंपनीची साडी उतरवून घरी जाईन," असं ठणकावायची. नव्या पोरींच्या एका बॅचला हे शिकवून झालं की दुसरीला शिकवायची. प्रवासी उतरताना म्हणायचे, काय सुरेख कॉफीचा दरवळ! कंपनीने तिला त्याबद्दल पितळेचा मोरही दिला होता. अक्का तो रोज पुसायची. तिला इतका अभिमान होता की माझं डोकं फिरायचं.

मग तिचा हात कापायला लागला. चहा ओतताना बशी वाजायची. घोषणा करता करता शब्द हरवायचे. एकदा 'पट्टा' आठवेना तेव्हा तिने स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवलं. प्रवाशांना ती गंमत वाटली. घरी आई कोत्तमल्लीचा म्हणजे धण्यांचा काढा पाजत होती आणि कुणाची दृष्ट लागली म्हणत होती.

कंपनीचे डॉक्टर सेनाधीर आईपेक्षा शिकलेले, म्हणून त्यांनी दृष्टीला 'नर्व्हज' म्हटलं.

"मिस, लग्न नाही केलंत ना? या वयात बायकांना असं होतं."

"डॉक्टर, विमानात तेलाचा वास येतो."

"इंजिनियरला येऊ दे. त्याने सांगितलं तर हा कामामुळे झालेला आजार. मग उपचार आमचे, आणि जमिनीवरची नोकरीही देऊ. नाहीतर अनफिट. घरी जा."

म्हणजे अक्काची पोटापाण्याची सोय आता तिलकसिरी इंजिनियरच्या नाकावर टांगली होती. ते नाक तंबाखू ओढून ओढून केव्हाच निवृत्त झालेलं.

चेन्नईहून परतताना जुन्या विमानात वास आला, डोळे चुरचुरावेत इतका. उतरल्याबरोबर अक्काने तिलकसिरीला बोलावलं. तो डुलत आला, त्याने मान वर करून हुंगलं आणि तो खूश झाला.

"कॉफी! एक कप मिळेल का, मिस?"

अक्काने गर्रकन वळून पाहिलं. दिनिती नावाची नवी पोरगी शाबासकीची वाट बघत उभी होती.

"मी सगळीकडे ठेवल्या, अक्का. तुम्ही शिकवल्यात तशाच!"

अक्काला तिच्यावर ओरडताही येईना. करावे तसे भरावे म्हणतात, पण कंपनीने केलेलं भरणं हिच्याच वाट्याला आलं.

पुढच्या फेरीला तेच विमान, मालेला जाणारं. अक्काने सगळ्या पुड्या स्वतःच्या बॅगेत कोंबल्या.

"नंगी, आज एकही पुडी फाडायची नाही," ती मला म्हणाली; नंगी म्हणजे आमच्या बोलीत धाकटी बहीण. "येऊ दे वास."

इंजिन सुरू झालं आणि वास आला. पहिल्या रांगेतला एक हॉटेलमालक उठून ओरडला, "अरे, कुणाचे मोजे हे? बंद करा विमान!" आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो ते त्याच्या एका ओरडण्याने झालं. विमान थांबलं. तिलकसिरी पळत आला. श्रीमंताच्या तक्रारीने त्याचं नाकही तल्लख झालं. इंजिनातून तेल गळत होतं, सील फाटलं होतं.

अक्का ताठ मानेने सेनाधीरांकडे गेली. आधाराला मी सोबत होते.

"वास सापडला, मान्य," डॉक्टर म्हणाले. "पण तो परवाचा. तुमचा हात त्याआधीपासून कापतोय. इतक्या वर्षांत वासाची एक तरी तक्रार आहे? प्रवाशांनी उलट कॉफीचं कौतुक केलंय."

"तो वास मीच झाकत होते, डॉक्टर."

"मग झाकायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

सांगितलं कुणीच नव्हतं. मोर तेवढा दिला होता. ज्याची चाकरी इमानाने केली त्यानेच विचारावं की तुला सांगितलं कुणी, असल्या माणसांचा मला मनापासून तिरस्कार आहे. मी अक्काचा हात धरून बाहेर आले.

अनफिट. निरोपाला केक कापला, भाषणं झाली, आणि कंपनीने थाटामाटात भेट दिली: उत्तम कॉफीचा मोठा डबा. आता पुड्या प्रत्येक विमानात सक्तीच्या झाल्या आहेत, हेही साहेबांनी अभिमानाने सांगितलं.

मी तिला सोडायला सीदुव्याला गेले, तेव्हा घरी आईने तिच्यासाठी किरिबत, शुभप्रसंगाचा नारळाच्या दुधातला भात, केला होता. अक्काने आधी डबा उघडला. झाकण काढताना निम्मी कॉफी हातातून सांडली. उरलेल्यात तिने नाक खुपसलं, बराच वेळ हुंगलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"घेऊन जा, नंगी," ती म्हणाली. "मला यातही मोज्यांचाच वास येतो."