साडूभाऊंचा थंडीतला रावस

उभ्या मराठवाड्यात समुद्र खऱ्या अर्थानं कळलेला एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर. इथं घरच्या नळाला पाणी कधी येईल हे कुणी पैजेवर सांगत नाही, आणि सिडकोतल्या आपल्या गच्चीवर बसून साडूभाऊ दापोलीच्या खाडीत आज पाणी किती वाजता चढेल ते बिनचूक सांगतात. मूळचे ते पिशोरचे, मका-कापसातले. तरुणपणी कंपनीनं त्यांना काही वर्षं कोकणातल्या कारखान्यावर धाडलं. त्यांच्याबरोबर गेलेले बाकीचे लोक तिथून काजू, आमसुलं आणि पोटाच्या तक्रारी घेऊन परतले. साडूभाऊ गळ घेऊन परतले. त्याबरोबर कोळ्यांचा एक जुना ठोकताळाही त्यांनी आणला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तेव्हापासून या माणसाच्या अंगात भरती-ओहोटी चालते.

देवगाव रंगारीला एका लग्नात आम्ही अक्षता हातात घेऊन उभे होतो. मंगलाष्टकं चाललेली, तेवढ्यात साडूभाऊ माझ्या कानाशी लागले, "पाव्हणं, आज सप्तमी. सव्वापाचला पाणी भरलं बघा." पुढं उभ्या असलेल्या एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं मागं वळून विचारलं, "कालव्याला सुटलं का?" साडूभाऊंचं ध्यान खाडीत. ते म्हणाले, "व्हय, काठोकाठ." झालं. नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडायच्या आत अर्धा मांडव शेतावर फोन लावून मोटारी चालू करायला सांगत होता. खरी गोष्ट कळल्यावर लोकांनी साडूभाऊंचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. साडूभाऊंना त्याचं काही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपण सांगितलेली वेळ बरोबर होती.

त्यांचा सराव गच्चीवर चालतो. दिवाळी झाली, हवेत गारवा आला, की ते काठी बाहेर काढतात, तंगूस म्हणजे नायलॉनची गळदोरी नवी भरतात, तिच्या टोकाला शिशाचा गोळा बांधतात आणि पाण्याच्या काळ्या टाकीवरून पलीकडं ठेवलेल्या बादलीत नेम धरून फेकतात. एकदा त्यांनी शिशाच्या जागी खरा गळ लावला आणि तो शेजारच्या चाचांच्या गच्चीत वाळत घातलेल्या रजईत रुतला. दुसरा कुणी असता तर हिसका देऊन मोकळा झाला असता. साडूभाऊंनी मात्र ती रजई मोठा मासा ओढावा तशी, ढील देत, थकवत, कठड्यापर्यंत आणली. चाचा खुर्चीवर चहा पीत हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "कायको इतनी मेहनत करते साब? बोलते तो मैं खुद लाके देता." साडूभाऊंनी गळ काढला, रजईची घडी करून परत दिली आणि मला म्हणाले, "तंगूस तुटला नाय, बघितलं का?" मी बघितलं होतं. खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमानच वाटला होता.

थंडीतली मासेमारी हा त्यांचा खास प्रांत. उन्हाळ्यात कुणीही मासा धरतो, असं ते तुच्छतेनं म्हणतात. "गारठ्यात मासा तुमच्यासारखा असतो, पाव्हणं. ताटापर्यंत उठून येत नाय. ताट त्याच्या तोंडापर्यंत न्यावं लागतं." म्हणून गळाला लावलेला चकाकता खोटा मासा पाण्यातून इतका सावकाश ओढायचा, की ओढणाऱ्यालाच डुलकी यावी. थंडीत पाणी नितळ होतं, त्यामुळे तंगूस बारीक हवा. सदरा मातीच्या रंगाचा हवा. आपली सावली पाण्यावर पडता कामा नये. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पहाटे उठायचं नाही. ओहोटीत उघडी पडलेली वाळू उन्हानं तापू द्यायची. त्या तापल्या वाळूवर भरतीचं पाणी चढलं की कोळंबी उबेला येते आणि कोळंबीमागं रावस येतो. हे ते पुढ्यात राखुंडी किंवा पिठीसाखर असेल त्यावर बोटानं खाडी काढून समजावतात. आमच्या घरातल्या प्रत्येक ताटलीत कधी ना कधी खाडीचं मुख उमटलेलं आहे.

त्यांची एकुलती एक लेक कॉलेजात भेटलेल्या दापोलीकडच्या मुलाशी लग्न करून खाडीकाठच्या गावी गेली, तेव्हा आम्हाला वाटलं साडूभाऊंना स्वर्ग दोन बोटं उरला. पोरीनं सासरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आमचे पप्पा काठावरून रावस धरतात." दिवाळीला व्याही इकडं आले. माणूस दिलखुलास, थट्टेखोर. जेवता जेवता म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्याकडे पाणी टँकरने येतं ना? मग मासेसुद्धा टँकरमधूनच काढता की काय?" सगळी पंगत हसली. साडूभाऊही हसले. पण पोर हातातली वाटी तशीच घेऊन आत निघून गेली, आणि ते पाहिल्यावर त्यांचं हसू मावळलं. ताटावरून उठायच्या आत ते बोलून गेले, "पौषात येतो. होडीत न बसता, काठावरनं रावस काढून दावतो. नाय निघाला तर ही काठी तुमच्या चुलीत घाला." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं काय नाय हो. पोर खोटी पडाया नको."

पौषात मी साक्षीदार म्हणून बरोबर गेलो. तिथं पहाटेच व्याह्यांनी दार वाजवलं, "चला, पाणी चांगलं आहे." साडूभाऊंनी पांघरुणातूनच सांगितलं, "ऊन पडू द्या." व्याही आपल्या भावाबंदांना घेऊन गेले, जाळं टाकून थोडी बोय मासळी घेऊन आले, आणि आम्ही तोवर अंगणात चहात खारी बुडवत होतो. गावभर झालं, की घाटावरचे पाहुणे झोपायला आलेत. लेक सारखी उंबऱ्यात येऊन उन्हाकडं बघून जात होती. सूर्य डोक्यावर आल्यावर साडूभाऊ उठले, मातकट सदरा चढवला आणि खाडीच्या मुखाशी जाऊन चपला काढून वाळूवर अनवाणी फिरले. पाय भाजायला लागल्यावर म्हणाले, "हां, आता."

पाणी चढू लागलं. साडूभाऊ फेकत होते आणि ओढत होते, फेकत होते आणि ओढत होते. बघायला आलेली मंडळी कंटाळून एकेक करून पांगली. व्याही राहिले, लेक राहिली आणि मी राहिलो. मला आता त्या काठीची आणि चुलीची काळजी वाटायला लागली होती. ऊन कललं. लेकीनं हळूच म्हटलं, "पप्पा, राहू द्या ना." त्यांनी मान हलवली आणि आणखी एक फेक केली. ती नेहमीपेक्षाही सावकाश ओढताना काठी वाकली आणि रीळ किरकिरलं. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "पाव्हणं, हाय," एवढंच ते म्हणाले. मग ढील, मग ओढ, मग पुन्हा ढील. शेवटी व्याहीच विजारीसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि हातभर लांबीचा, चांदीच्या रंगाचा रावस कवटाळून बाहेर आले. साडूभाऊंपेक्षा तेच जास्त हसत होते. म्हणाले, "दुपारचा इतका वेळ उभं राहायचा धीर आमच्यापाशी नाही हो व्याहीबुवा. सूनबाई, तुझं खरं ठरलं." त्या क्षणी मला वाटलं, पिशोरपासून अजिंठ्यापर्यंत हलग्या वाजायला हव्या होत्या.

रात्री पंगत बसली. त्या घरची रीत अशी, की ज्यानं मासा धरला त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढायचं. विहीणबाईंनी ते मानानं वाढलं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. साडूभाऊ मासे खात नाहीत. लहानपणी नदीतल्या मासोळीचा काटा घशात अडकल्यापासून त्यांनी मासा तोंडात घातलेला नाही. इतक्या वर्षांत धरलेला प्रत्येक मासा त्यांनी वाटून टाकला. आता सगळं घर त्यांच्या पहिल्या घासाकडं बघत होतं. रश्श्यातला तो डोळा त्यांच्याकडं बघत होता, आणि दिवसभर न डगमगलेला माणूस कपाळावरचा घाम पुसत होता.

लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिनं ताट आपल्याकडं ओढलं, बोटांनी ते डोकं उलगडलं, गालाचं मांस सोडवलं, एकेक काटा काढून कडेला लावला. सासूशी बोलता बोलता, हाताकडं न बघता. मग भाताचा लहान घास करून त्यांच्यापुढं धरला, "घ्या पप्पा. काटा नाय यात." साडूभाऊंनी घास घेतला. सावकाश चावला. गिळला. "चांगलाय," म्हणाले आणि ती देईल तसा पुढचा घास खाल्ला. ताटातलं सगळं संपवलं.

परतीच्या वाटेवर ते रावसाचं पुराण लावतील म्हणून मी तयारीत होतो. पण घाट चढेपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. मग म्हणाले, "एक वर्ष नाय झालं तिला तिथं जाऊन. हात कसा चालत होता, बघितला का?" मी म्हटलं, बघितला. "आपल्या घरी तिला ते कुणी शिकवलं नसतं," ते म्हणाले, आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

रावसाची बातमी आता सगळ्या सिडकोला माहीत आहे, ती मी पसरवली. साडूभाऊंना कुणी विचारलं, तर ते माशाचा आकारसुद्धा हातानं दाखवत नाहीत. "आमच्या पोरीला न बघता काटे काढता येतात," असं मान ताठ करून सांगतात.