जानीबाईचं ‘हो’

ब्लेड ट्रेमध्ये आलं होतं. वांगणीची जानीबाई आमच्या जव्हारच्या रुग्णालयात ड्रेसिंगच्या टेबलावर पालथी. उजव्या कुल्ल्यावर लिंबाएवढी सूज. निदान झालेलं: इंजेक्शनचं गळू. बॅगा घेऊन गावोगाव सुया टोचत फिरणाऱ्यांमुळे अशी गळवं इथे रोजची. डॉक्टरकी सांभाळून त्यांच्याविरुद्ध मी पत्रकं काढते, मोर्चे नेते. “सुई घेतली होती?” आमच्या वरिष्ठ डॉक्टर सरांनी विचारलं, ती “हो” म्हणाली. विषय संपला.

चीर द्यायच्या आधी मी सुजेवर तळवा ठेवला. सूज उडत होती. ठोक्यागणिक.

“सर, थांबा. यात पू नाही, रक्त आहे. धमनी फुगलीय.”

“मॅडम, ही ओपीडी आहे. तुमचा मोर्चा नाही.”

“हात तर ठेवा.”

त्यांनी ठेवला आणि झटकन काढला. चीर दिली असती तर बाई टेबलावरच गेली असती.

“जानीबाई, सुई कधी घेतली?”

“नाय घेतली.”

“मग हो का म्हणालीस?”

“डाक्तर इचारतो, तं हो बोलायचा. नाय बोललं का खेकसतां तुमी.”

तिला अँब्युलन्समधून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्यायला निघालो. घाटात खड्डा आला की तिचा नवरा लहानू विचारायचा, “फुटंल का, बाय?” मी तिची नाडी बघायचे. इथले रस्ते कागदावर करणाऱ्यांना त्या गाडीत कोंबायला हवं होतं.

सीटी स्कॅनमध्ये भलतंच निघालं. गर्भात असताना पायाला रक्त देणारी एक धमनी ओटीपोटातून निघून कुल्ल्यातून खाली उतरते. पुढे ती आटते आणि जांघेतली धमनी काम घेते. जानीबाईची आटलीच नव्हती. जांघेतली मांडीत उतरता उतरता सुतळीएवढी होऊन संपत होती. सगळा पाय मागच्या धमनीवर, आणि तीच फुगलेली.

“बांधली तर पाय काळा पडेल. ठेवली तर फुटेल,” सर्जन म्हणाले. म्हणून आधी दुसऱ्या पायातली शीर काढून जांघेपासून गुडघ्यामागे नवी वाट जोडायची, मग फुगवटा दोन्ही बाजूंनी बंद करायचा.

“पाय जाऊही शकतो. समजलं?” त्यांनी जानीबाईला विचारलं.

“हो.”

“नाही समजलं,” मी म्हटलं. “लहानू, तुमच्या बोलीत सांग. आणि तिला परत सांगायला लाव.”

त्याने सांगितलं. तिने परत सांगितलं, आणि अर्ध्यातच विचारलं, “पाय नाय तं भाताच्या लावणीला कशी जाऊ?” मग संमतीच्या कागदावर तिनेच अंगठा दिला.

मी ऑपरेशनच्या टेबलापाशी उभी होते. नवी वाट सुरू झाली, मागची धमनी बंद केली, आणि पाऊल पांढरं पडलं. आम्ही गरम पाण्यात भिजवलेली फडकी मांडीवर धरून नुसते बघत राहिलो. हळूहळू बोटांवर रंग आला. टिकेल का, ते अजून कळायचं होतं.

वॉर्डात तिने डोळे उघडले.

“जानीबाई, पाय गरम वाटतो?”

“हो.”

त्या ‘हो’वर मी थांबले नाही. पावलावर बोटं ठेवली. काहीच नाही. जरा सरकवली. मग नाडी लागली: बारीक, पण माझ्या बोटांची नाही, तिचीच.

“आता खरंच हो बोलली, बाय,” ती म्हणाली.

आज ती लंगडते, पण लावणीला जाते. माझं नवीन पत्रक सुईवाल्यांवर नाही, आम्हा डॉक्टरांसाठी आहे. एकच ओळ: रुग्ण ‘हो’ म्हणाला, तरी हात लावून बघा.