परक्या म्हशीची धार

गोरेगावहून सुटलेली बस आरे कॉलनीत शिरली आणि मुंबई एकदम मागे पडली. दोन्ही बाजूंना रान, मधूनच एखादा पाडा (आदिवासी वस्ती), आणि वास मात्र थेट आमच्या गोठ्यातला! आदल्या दिवशी मामेबहिणीकडे रंगीत टीव्ही पाहून दिपून गेलेली मी, तो वास आल्यावर कुठे माणसांत आले.

गावातल्या आम्हा बायकांना स्वतःची दूध संस्था काढायची होती. त्यासाठी इथल्या सरकारी दूध केंद्राचं प्रशिक्षण हवं होतं, पण इथे शिकायला येत ते सगळे पुरुष. बायकांची तुकडी घ्यायची की नाही, हे केंद्राचे साहेब ठरवणार होते. "आधी एकीला पाठवा, बघू," असं त्यांनी कळवलं होतं. ती एक म्हणजे मी.

दुपारच्या धारेची वेळ होती. युनिटमध्ये (म्हशींच्या लांबलचक गोठ्यात) साहेब, पाच-सहा शिकाऊ पुरुष आणि धारा काढणारे रामदुलारे भैया उभे होते. मी नवी जांभळी साडी नेसून, केसांत गजरा माळून गेले होते. गोठ्यात जाताना गजरा! पण मुंबईत आलेय तर थोडं मिरवावंसं वाटलं होतं. ऐटीत बादली घेऊन बसले. म्हशीने मान वळवून मला एकदा नीट पाहिलं आणि पान्हा चोरला (दूध वर ओढून धरलं). मी आपली सड ओढतेय, पण थेंब नाही. घामाने डबडबले. मग तिने अशी लाथ झाडली की बादली गडगडत साहेबांच्या पायाशी गेली.

"ओ बाई, घरी फक्त शेणच काढता काय?" एक शिकाऊ ओरडला.

"वाट लागली ना यार हिची!" दुसरा म्हणाला आणि सगळे खिदळले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी फजिती झाली ती झाली, पण माझ्यापायी साऱ्याजणींचं शिकणं बुडणार होतं. साहेब मात्र हसले नाहीत.

"उद्या दुपारी पुन्हा बसा. मग ठरवू," एवढंच म्हणाले.

रामदुलारेंनी पाण्याचा लोटा पुढे केला. "रोना नहीं, बहनजी. हमको तो पहली भैंस ने नाली में फेंका था."

मला रडता रडता हसू आलं. गजरा काढून म्हशीपुढे टाकला, तर तिने तोही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बहिणीची विटकी साडी नेसून मी सकाळीच गोठ्यात हजर झाले. म्हशीला वैरण घातली, धुतलं, मान खाजवली, कालच्याबद्दल चार शिव्याही दिल्या. दुपारी बादली घेऊन तिच्याखाली बसले. बराच वेळ काहीच नाही. मग हळूहळू सड टरारून आले आणि पहिली धार बादलीत वाजली. साहेब कौतुकाने वाकले, तोच शेणाने माखलेली शेपटी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर फटकन बसली. साहेबच आधी हसले.

"पाठवा तुमची तुकडी," ते म्हणाले, "आणि मला कुणीतरी फडकं द्या."

घरी परतले तर साऱ्याजणी अंगणात जमलेल्या. मी लाथेसकट सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. परक्या ठिकाणी चारचौघांत हसं झालं तरी दुसरा दिवस उजाडतो, हे मला या प्रवासाने शिकवलं होतं. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरले.

"मग तिथं पहिल्या दिवशी म्हशीखाली बसायचं कुणी?" एकीने विचारलं. जी ती दुसरीला पुढे ढकलायला लागली.

उभ्या जन्मात गावाची वेस न ओलांडलेल्या माझ्या सासूबाईंनी पदर खोचला.

"मी बसते. हसू देत मेले."