धाकटीने पाठवलेली मुळं

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. मालकसुद्धा, आणि मालक तिच्याहून मोठे होते. छापून, घडी घालून आलेले कागद दोऱ्याने एकत्र शिवायचे हे तिचं काम. टेबल खिडकीशी. शेजारची खुर्ची मात्र मोकळीच असे, कारण तिथे पूर्वी तिची धाकटी बहीण बसायची. एकीचा दोरा संपत आला की दुसरीने मान वर न करता कात्री पुढे करायची, असं त्यांचं चाले. धाकटीने पन्नाशी उलटल्यावर एका विधुर माळ्याशी लग्न केलं आणि ती समुद्रापलीकडे निघून गेली. लग्नात सगळ्यांत जास्त ताईच हसली. घरी आली आणि सवयीने दोघींचा स्वयंपाक करून बसली.

धाकटीच्या घरामागे डँडेलियन माजलेलं असे. पिवळ्या फुलांचं रानटी रोप. फूल वाळलं की त्याच्या पांढऱ्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडत जातात. नवरा ते उपटून फेकायचा, ही मुळं वेचून ठेवायची. धुऊन, चिरून, वाळवून, काळपट होईपर्यंत भाजून त्यांची पूड करायची आणि ताईला डबा पाठवायची.

"कॉफीसारखी लागते बघ. लिव्हरला चांगली म्हणतात. पण दिवसाला एकच कप हं ताई."

"आणि दोन घेतले तर?"

"तर तुझी तू जबाबदार. मुळाचं काय गं, मातीतून आलेलं. त्यात काय वाईट असणार?"

खरं सांगायचं तर ताईला ती जळक्या लाकडासारखी लागे. पण रविवारी फोन यायचा, दोघी आपापला कप घेऊन बसायच्या, आणि मधे कुणी काही बोललं नाही तरी पलीकडून घोट घेतल्याचा आवाज यायचा. धाकटी लहानपणापासून फुर्रकन आवाज करून प्यायची. त्यासाठी ताईने तिला आयुष्यभर रागे भरलं होतं. आता ती त्याच आवाजाची वाट बघत बसायची.

मग माळ्याच्या मुलीला जुळी झाली. धाकटी एका रात्रीत आजी झाली आणि फोन विरळ झाले. रविवार कोरडा गेला की ताई सोमवारी सकाळी कप करून घ्यायची. दुपारी कारखान्यात थर्मासातून एक. संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरलं की दिवा लावायच्या आधी आणखी एक. बहिणीची आठवण आली की कप, इतकं ते सोपं झालं होतं. आणि आठवण काही एकदाच येऊन थांबत नव्हती.

त्या सुमारास तिचे पाय जड पडू लागले. छातीत मधेच एक ठोका चुकल्यासारखं वाटे. एकदा कागदांचा गठ्ठा उचलताना गुडघ्यांतलं बळच गेलं आणि ती गठ्ठ्यासकट खाली बसली. कागद कापायच्या यंत्रावरचे काका धावत आले.

"काय ताई, आज जमिनीवर बसून शिवणार?"

"कागद वेचा आधी. चेष्टा नंतर."

काकांनी ऐकलं नाही. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा आलेख, म्हणजे ईसीजी काढला, रक्त तपासायला दिलं, आणि अहवाल हातात आल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं.

"रक्तदाबाच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही घेता?"

"काही नाही."

"औषधी पावडर, काढा, चूर्ण?"

"छे हो."

"आणि ते थर्मासातलं काळं पाणी?" दारातून काका म्हणाले.

"तो काढा नाही काही!" ताई उसळली. "ते आमच्या धाकटीचं आहे."

तिला खोटं बोलायचं नव्हतंच. डॉक्टरांना सांगायच्या गोष्टींत बहिणीची गोष्ट कशी येईल, हेच तिला कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची गोळी लघवी वाढवते, पण पोटॅशियम अंगातच ठेवते. या मुळातही पोटॅशियम असतं. त्यात वयाने किडनी मंदावलेली. सगळा दोष मुळाचाच, असं मी शपथेवर नाही सांगणार. यावर पुरेसा अभ्यासच झालेला नाही आणि घरी केलेल्या पुडीत काय किती, कोण मोजणार? दुसऱ्या कुणाला एखादा कप बाधणारही नाही. पण पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके चुकतात, त्याच्याशी खेळ नको. आजपासून बंद. आत्ता औषध देते, उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासायचं. किती कप घेत होता?"

ताईने काकांकडे पाहिलं. काका शहाण्यासारखे बाहेर जाऊन उभे राहिले. मगच तिने आकडा सांगितला.

घरी आल्यावर तिला एकच धास्ती. हे कळलं तर धाकटी हाय खाईल. डबे बंद होतील. मग समुद्रापलीकडून या घरात येणारं काय उरेल? नेमका फोन वाजला. कपात नुसतं गरम पाणी घेऊन फुंकर मारत बसावं, पलीकडे कुणाला कळणार आहे, असं तिने ठरवलंही होतं.

"घेतलास का कप?" धाकटीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. तोंडून निघूनच गेलं. मग सगळंच सांगावं लागलं.

"म्हणजे मी तुला विष पाठवत होते?"

"वेडी आहेस का? माझी गोळी आणि ते जमत नाही, एवढंच. तूही तुझ्या डॉक्टरांना विचार."

"पण एका कपाने एवढं?"

ताईने पुडीचा डबा जरा लांब सरकवला.

"ताई. किती घेत होतीस?"

"चार. कधी पाच."

"तुला तर आवडतही नव्हतं! तोंड वाकडं करून प्यायचीस, मला काय ऐकू येत नाही? मग का?"

"तू फोन करत नव्हतीस," ताई म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. पलीकडे एक बाळ रडू लागलं, दुसऱ्याने त्याला साथ दिली. कुणीतरी धाकटीला हाक मारली. धाकटी हलली नाही.

"ये गं चिमे एकदा," ताई म्हणाली. "मला बघायचंय तुला."

"माझा पासपोर्ट संपलाय," धाकटी म्हणाली. आवाज ओला होता. "करून घेते. उद्या रिपोर्ट आला की आधी मला सांग. डॉक्टरांच्याही आधी."

"अगं, तो डॉक्टरांकडूनच येणार ना!"

दोघी हसल्या. हसू ओसरलं तरी फोन कुणी ठेवला नाही. हातात कप नव्हते, त्यामुळे हातांचं काय करावं ते ताईला कळेना. तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि पलीकडचा श्वास ऐकत ती बसून राहिली.