बोकडाचा उगम

आमच्या जळगावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आबा फ्रीमेसन होते, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या एका गुप्त बंधुमंडळाचे सभासद. महिन्यातून एकदा, भर उन्हाळ्यातसुद्धा, काळा कोट चढवून ते लॉजच्या, म्हणजे त्या मंडळाच्या शाखेच्या, सभेला भुसावळला जायचे. कुणी काहीही सांगितलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कुठं लिहिलंय?" ऐकीव माहितीवर आमच्यात एक पायरीही चढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा चहावाला म्हणाला, "आबा, तुमना लॉजमा नव्या मानूसले बोकडवर बसाडतस म्हने."

आबांनी कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

चहावाल्याला न्हाव्यानं सांगितलं होतं. आबा मला, त्यांच्या मदतनिसाला, घेऊन तडक न्हाव्याकडे गेले. त्यानं केळीच्या वखारीतल्या मुकादमाकडे बोट दाखवलं. मुकादम शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सांगेल शे ना, आबा."

तेव्हा आबांना आठवलं. मुकादमाच्या चौकशा फार वाढल्या म्हणून त्यांनीच त्याला ही थाप मारली होती.

वाचनालयात येऊन त्यांनी वही उघडली आणि लिहिलं, "बोकड. आधार: मी स्वतः. विश्वास ठेवू नये." खाली सही केली. मग साक्षीदार म्हणून माझीही घेतली.